नजर न हलवता उघडणारी बॅग

कॅमेऱ्याची बॅग शिवून घ्यायला येणारा माणूस आधी कप्पे सांगतो. बॅटऱ्यांना एक, कार्डांना एक, चार्जरला, फिल्टरला, पाण्याच्या बाटलीला, लॅपटॉपला. मी वहीत सगळं लिहून घेते. मालवणातलं आमचं दुकान मूळचं ताडपत्रीचं. होड्यांची आच्छादनं, पावसाळ्यात पडवीला लावायचे पडदे, रिक्षांचे हूड हे सासऱ्यांच्या वेळेपासूनचं काम. जाड कापड शिवणारी मशीन घरात होती, म्हणून लग्नाचे फोटो काढणारी मुलं फाटक्या बॅगा घेऊन यायला लागली आणि दुरुस्ती करता करता मी नव्या बॅगाही शिवू लागले.

दुरुस्तीला आलेली बॅग उसवली की ती कशाने गेली ते लगेच कळतं. किनाऱ्यावर धातूची चेन फार टिकत नाही. खाऱ्या हवेने रनर आतून गंजतो, जागेवर बसतो, आणि माणूस घाईत ओढतो तेव्हा दात उघडतात. मेणबत्ती घासून काही दिवस भागतं, पण पुढे चेन बदलावीच लागते. मी मोठ्या दातांची प्लॅस्टिकची चेन लावते. त्याहून वाईट दुखणं अस्तराचं. नायलॉनच्या कापडाला पाणी अडवण्यासाठी आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. आमच्याकडच्या दमट हवेत हा लेप हळूहळू विघटित होतो. आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. दोन-चार पावसाळे काढलेली बॅग उलटी करून झटकली की टेबलावर भुसा पडतो, आणि तोच भुसा लेन्स बदलताना कॅमेऱ्याच्या पोटात जातो. महागडी बॅग हातात धरून असा भुसा दाखवणाऱ्या मुलांचे चेहरे मला बघवत नाहीत.

तर कुडाळचा एक फोटोग्राफर असाच कप्प्यांची यादी घेऊन आला. यादी नीट होती, शेजारी मापं लिहिलेली, कडेला चित्रंही काढलेली. शेवटी एकच ओळ: ‘दिसायला चांगली हवी.’ मी त्याला म्हटलं, कापड कापायच्या आधी एक दिवस मला तुझ्यासोबत फिरू दे. तो जरा चकित झाला, पण म्हणाला, “या वहिनी. रविवारी पहाटे रापणीचे फोटो आहेत, ते माझ्या हौसेचे. दुपारी चौके गावाच्या बाजूला लग्न आहे.”

पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा रापण ओढायला सुरुवात झाली होती. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, मधलं जाळं समुद्रात अर्धगोल पसरलेलं, आणि बायका-पुरुषांच्या दोन रांगा दोर ओढत मागे सरकताहेत. हे काम बराच वेळ चालतं आणि फोटोग्राफरला त्यात घाई नसते. जाळं लांब असतं तोवर तो लांब पल्ल्याची ७०-२०० लेन्स लावून माणसांचे हात, पाय, ताणलेले दोर टिपत होता. खरी गोष्ट शेवटच्या काही मिनिटांत घडते. दोन्ही रांगा एकमेकींजवळ येतात, जाळ्याचं पोट उथळ पाण्यात येतं आणि मासळी उसळते. तेव्हा सगळं दोन हातांच्या अंतरावर असतं. लांबची लेन्स काढून रुंद दृश्याची लावावी लागते.

त्याच्या पाठीवर परदेशी बनावटीची सॅक होती. शिलाई उत्तम, फोम उत्तम. पण ती उघडायची तर पाठीवरून उतरवायची, आडवी ठेवायची आणि तिन्ही बाजूंची चेन फिरवून झाकण पूर्ण उलटायचं. तो गुडघाभर पाण्यात उभा होता. खाली लाट, मागे ओली वाळू. सॅक एका खांद्यावरून ओढून त्याने पुढे घेतली आणि ठेवायला जागा शोधत उजवी-डावीकडे बघू लागला. रांगेतल्या एका म्हातारीने दोर सोडला, “हाड हय”, म्हणजे इकडे आण, म्हणाली आणि सॅक दोन्ही हातांत तान्ह्या मुलासारखी धरली. मग चेन. कोपऱ्यावर रनर अडला. तो सुटून लेन्स बदलेपर्यंत जाळं वाळूला लागलं होतं, बांगड्यांची पहिली उसळी होऊन गेली होती.

नंतरचेही फोटो त्याने चांगले काढले. मासळी निवडणाऱ्या बायका, वाटे घालणारे हात, वर घिरट्या घालणारे पक्षी. तक्रारीचा एक शब्द बोलला नाही. पण मी त्याच्याकडेच बघत होते. फोटो काढताना त्याची नजर जाळ्यावरून क्षणभरही ढळली नव्हती. बॅगेने ती ढळवली. त्याच्या यादीत हे कुठेच नव्हतं, असणारही नाही, कारण काम करताना आपले डोळे कुठे असतात हे काम करणाऱ्याला दिसत नाही.

म्हातारीने सॅक परत देताना त्याला विचारलं, “पाठीर कित्याक ता? बगलेत धर.” पाठीवर कशाला, हे तिचं म्हणणं मला फार पटलं. कॅमेऱ्याच्या बॅगांचा इतिहासही तिच्या बाजूचा आहे. इंग्लंडमधल्या बिलिंगहॅमने १९७३ मध्ये सुरुवात केली ती मासे धरणाऱ्यांच्या बॅगांनी. खांद्यावर अडकवायच्या, वरून झाकणाच्या, पाण्याला दाद न देणाऱ्या. पुढे त्यांना कळलं की न्यूयॉर्कमधले फोटोग्राफर त्याच बॅगा कॅमेऱ्यांसाठी नेताहेत, तेव्हा ते कॅमेरा बॅगांकडे वळले. दुसरी बॅग डोंकेची. अमेरिकेत ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर जिम डोंके याने १९७० च्या दशकात स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या गरजेतून ती बनवली. सुती कॅनव्हास, बेताचं पॅडिंग, कामात राहून अंगाशी बसणारी. अशी एक जुनी बॅग माझ्याकडे दुरुस्तीला आली होती आणि तिच्याकडून मी पट्टा शिकले. तिचा पट्टा बॅगेच्या कडांना टाचून थांबत नाही, तळाखालून पूर्ण फिरतो. त्यामुळे वजन टाक्यांवर लटकत नाही, पट्ट्यावर बसतं. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, दोन जड लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या हे सगळं सहज पाच-सहा किलो भरतं. पट्टा फक्त वरच्या कडेला शिवलेला असेल तर तो एक दिवस तिथूनच सुटतो.

चौक्याला जाताना आम्ही माझ्या घरी घावणे-चटणी खाल्ली, त्याने शर्ट बदलला. लग्नात सॅक नको म्हणून त्याने दुसरी, लहान काळी खांद्याची बॅग काढली. तिच्यावर कंपनीच्या मोठ्या नावावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. मी कारण विचारलं तेव्हा त्याने दिलेलं उत्तर मी तसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: “बॅग बघितली की लोक पोझ देतात, वहिनी. कॅमेऱ्यापेक्षा बॅगेला जास्त बिचकतात.”

मांडवात ते मला दिसलं. खळ्यात बायका गप्पांत रंगलेल्या असायच्या. तो त्या चौकोनी काळ्या बॅगेसह शिरला की पदर सावरले जायचे, एखादी आजी बाजूला सरकून त्याला वाट द्यायची, मुलं ओळीत उभी राहायची. बॅग खाली ठेवून नुसता कॅमेरा घेऊन फिरला तेव्हा कोणी फारसं वळून बघितलं नाही. मग ‘दिसायला चांगली हवी’ या ओळीचा अर्थ मला लागला. त्याला मिरवायचं नव्हतं. पाहुण्यांच्या गर्दीत पाहुण्यासारखं दिसायचं होतं, आणि नवा शर्ट घालून आल्यावर खांद्यावर अवजारांची पेटी नको होती. बॅग सुंदर असावी ही मागणी मी तोवर शेवटी बघायचे. आता ती कामाचाच भाग आहे असं मी मानते, आणि कोणी तिला चोचले म्हटलं तर मला राग येतो.

कन्यादानाच्या वेळी मुलीच्या वडिलांचे डोळे भरून आले होते. भटजींनी मंत्र थांबवून पाणी मागितलं होतं, त्यामुळे मांडवात क्षणभर शांतता. फोटोग्राफर अगदी जवळ, दोन हातांवर. त्याचा हात बॅगेकडे गेला आणि तसाच थांबला. झाकणाला वेल्क्रो होता. उघडला असता तर ती चर्रकन फाटल्यासारखी आवाजाची रेघ त्या बापाच्या कानाशी उमटली असती. त्याने लेन्स बदलली नाही. एक पाऊल मागे जाऊन आहे त्याच लेन्सने फोटो घेतला. नंतर म्हणाला, अशा वेळी तो कप्पा आहे हेच मी विसरतो. जेवणाच्या पंगतीत त्याच वेल्क्रोचा बारीक हुकांचा भाग एका काकूंच्या रेशमी साडीच्या काठाला लागला आणि दोन धागे निघाले. काकू काही बोलल्या नाहीत, पण तो पुढचा अर्धा तास बॅग पोटाशी धरून फिरत होता.

मी संध्याकाळी घरी येऊन वर्तमानपत्रावर खाका काढला. झाकण पुढे उघडणारं, अंगापासून दूर जाणारं, म्हणजे हात वरून सरळ आत जातो. त्याला चेन नाही. बंद करायला चुंबक लावावेत असं त्याच्या यादीत होतं. आजकालच्या चांगल्या बॅगांना ते असतात आणि शहरात ते उत्तम चालतात. आमच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मात्र लोहखनिजाचे काळे कण असतात. चुंबक वाळूवर फिरवून बघा, दाढी उगवते. ते कण लेन्सपासून दोन बोटांवर नेऊन ठेवायचे, हे मला मान्य नव्हतं. चामड्याच्या पट्टीला पावसाळ्यात बुरशी येते. मग नायलॉनच्या निवारीची पट्टी घेतली, तिला आडवी चीर दिली, चिरेच्या कडा तापल्या लोखंडाने वितळवून पक्क्या केल्या आणि समोर पितळी घुंडी बसवली. अंगठ्याने दाबली की आवाज न करता सुटते. पितळ हिरवं पडतं, पण अडत नाही.

कापड सुती कॅनव्हास, दुहेरी. ताडपत्रीच्या धंद्यातली माणसं हे जाणतात की घट्ट विणीचं सुती कापड भिजलं की धागा फुगतो आणि विणीतल्या फटी मिटतात. मुसळधार पावसाला ते पुरत नाही, म्हणून तळाच्या कप्प्यात छत्रीच्या कापडाचं आवरण घडी करून दिलं. सुती कापड ओलं ठेवलं तर कुजतं, तेव्हा ते वाळवावं लागतं हेही त्याला बजावून सांगितलं. आतला फोम बंद पेशींचा, पाणी न पिणारा. स्वस्त फोम पाणी शोषतो आणि मग बॅग आतून दोन-दोन दिवस दमट राहते. लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला हवेत साठ-सत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की पुरे, आणि आमचा जुलै त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणून आतली फोमची पेटी मी सुटी ठेवली. काम संपलं की ती उचलून बाहेर काढायची, कॅमेरा हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवायचा आणि रिकामी बॅग उन्हात टांगायची. कॅमेरा बॅगेतच ठेवून पावसाळा काढणारे लोक भेटतात तेव्हा मी त्यांच्याशी वाद घालते.

अस्तर फिकट पिवळं, कारण काळ्या अस्तरात लेन्सचं काळं झाकण सापडत नाही. बाहेरचा रंग जांभ्या दगडाचा. आमच्याकडे बॅग जिथे ठेवाल तिथे लाल माती लागणारच, ती या रंगावर दिसत नाही. काळ्यापेक्षा हा रंग उन्हात कमी तापतो आणि लग्नातल्या कपड्यांत उठून दिसत नाही. बाहेर कुठेही नाव नाही. माझंही नाही.

त्याच्या यादीतले बहुतेक कप्पे मी काढून टाकले. उरलेल्यांत एक महत्त्वाचा: डाव्या बाजूला, झाकणाच्या आत, काढलेली लेन्स तात्पुरती टाकायला रिकामा आणि मऊ. उजव्या हातात कॅमेरा, डाव्याने जुनी लेन्स त्यात सोडायची, त्याच हाताने शेजारची नवी उचलायची. लॅपटॉपचा कप्पा दिला नाही यावर तो बराच वेळ माझ्याशी भांडला. मी ऐकलं नाही. लॅपटॉपसाठी बॅग रुंद केली की ती गर्दीत लोकांना लागते.

बॅग घेऊन तो पुन्हा रापणीवर गेला. परत आला तो तक्रार घेऊन, आणि तक्रार खरी होती. खाली वाकून फोटो घेताना बॅग पुढे झुलते आणि हातावर आपटते. कमरेला एक पातळ, सोडवता येणारी पट्टी लावून दिली. एका खांद्यावर दिवसभर पाच-सहा किलो हा प्रश्न मात्र माझ्या शिवणकामाने सुटलेला नाही. त्याला सांगितलं, त्या तासाला लागेल तेवढंच बॅगेत घे, बाकीचं मदतनिसाकडे पेटीत ठेव. तो ऐकतो, पण सगळ्यांकडे मदतनीस नसतो.

आता वेंगुर्ल्याची एक मुलगी आली आहे, ती लग्नांचे फोटो साडी नेसून काढते. छातीवरून तिरपा जाणारा पट्टा पदरावर बसत नाही, सरकतो आणि पिना उपटतो, म्हणाली. तिच्या यादीतही पहिली ओळ कप्प्यांचीच आहे. पुढच्या आठवड्यात शिरोड्याला तिचं एक लग्न आहे. मी कापड अजून कापलेलं नाही, आधी तिच्यासोबत जाऊन येते.