वायफाय सोडून सगळं चालतंय

जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की बाकी सगळं इतकं गुमान चालतं की संशयच यायला लागतो. आवाज येतो, टचपॅडवर दोन बोटं फिरवली की पान सरकतं, ब्राइटनेसची बटणंसुद्धा चालतात, आणि मग कोपऱ्यात वायफायचं चिन्ह शोधायला जावं तर ते नसतंच. म्हणजे सिग्नल कमी आहे असं नाही, पासवर्ड चुकला असंही नाही, वायफाय नावाची भानगड या मशीनला कधी नव्हतीच असा एकूण आव. आत्याच्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालं. "अरे काल तर होतं की वायफाय," आत्या म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं, वायफायचं कार्ड आतच होतं, कुठे गेलं नव्हतं.

यातला खरा जोक असा की वायफाय चालू करायला जे काही लागतं ते सगळं इंटरनेटवर असतं. पूर्वी लॅपटॉपला केबलचं भोक तरी असायचं, हल्लीच्या पातळ लॅपटॉपांना तेही नाही. मग मोबाइल काढायचा, चार्जिंगच्याच वायरनी जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट वायरमधून लॅपटॉपला देणं, चालू करायचं, लिनक्सला वाटतं वायरवालं नेटवर्क आलं, लगेच जोडून मोकळा. आणि अँड्रॉइड फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट वायरमधून पुढे देतो, त्यामुळे डेटा पण जळत नाही. आता अँड्रॉइडच्या पोटात पण लिनक्सचाच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे, म्हणजे एका लिनक्सचं वायफाय मस्त चाललंय आणि तो दुसऱ्याला वायरनी पाजतोय. मला हे फार आवडतं, आत्याला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

कार्ड ओळखलं जात नाही म्हणतो आपण, पण ते स्वतःची ओळख सांगतच असतं, फक्त नावानी नाही तर नंबरांनी. टर्मिनलमधे, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एलएसपीसीआय ही कमांड दिली (कार्ड यूएसबीचं असेल तर एलएसयूएसबी) की प्रत्येक पार्टपुढे दोन नंबर दाखवता येतात, चार-चार हेक्स आकड्यांचे (हेक्समधे ० ते ९ नंतर ए ते एफ पण येतात), पहिला कंपनीचा आणि दुसरा त्या वस्तूचा. इंटेलवाल्यांनी आपला कंपनी नंबर ८०८६ घेतलाय, १९७८ च्या त्यांच्या त्या प्रसिद्ध प्रोसेसरवरून, कोणीतरी मीटिंगमधे हट्टच धरला असणार. तर कर्नलमधल्या प्रत्येक ड्रायव्हरकडे, म्हणजे तो पार्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, असल्या नंबरांची एक यादी असते, आणि सोसायटीच्या वॉचमनकडच्या यादीत नाव नसलं की तो जसा आपल्याकडे बघतही नाही तसं यादीत नंबर नसेल तर ड्रायव्हर कार्डाला हात लावत नाही. कधी कधी गंमत अशी असते की आतली चिप तीच, ड्रायव्हरला ती पूर्ण चालवता येते, फक्त कंपनीनी नंबर नवीन दिलेला असतो, आणि मग कर्नलमधला बदल म्हणजे यादीत एक ओळ वाढवणं, बास. कर्नलमधे असे एका ओळीचे पॅच, म्हणजे छोटे बदल, येतच असतात.

आत्याच्या कार्डाचं दुखणं वेगळं होतं. कार्डाचा नंबर ड्रायव्हरच्या यादीत होता, ड्रायव्हर लोडही झाला होता, पण डीमेसेजमधे, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, स्वच्छ लिहिलेलं, फर्मवेअर (कार्डाचा स्वतःचा आतला प्रोग्रॅम) लोड झालं नाही, एरर उणे २. उणे २ म्हणजे फाइलच नाही. बऱ्याच वायफाय कार्डांवर स्वतःचा प्रोग्रॅम कायमचा साठवलेलाच नसतो, तेवढाच फ्लॅश मेमरीचा खर्च वाचतो, त्यामुळे कॉम्प्युटर चालू झाला की ड्रायव्हर डिस्कवरून ती फाइल उचलतो आणि कार्डात ओततो, दर वेळी, नव्यानी. विंडोजमधे हेच चालतं, पण तिथे आपल्याला कोणी सांगत नाही. इथे निदान कुठली फाइल हवी तिचं पूर्ण नाव तरी छापून येतं, आणि मला तर ते "काहीतरी गडबड झाली, पुन्हा प्रयत्न करा" पेक्षा शंभरपट बरं वाटतं.

ही फाइल काही डिस्ट्रोवाले (लिनक्स तयार पॅक करून वाटणारे) आधीच का देत नाहीत, तर तिचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, कंपनी देत नाही, आणि काहींना ते तत्त्वात बसत नाही. डेबियन नावाच्या डिस्ट्रोमधे यावर बरीच वर्षं वाद होता, शेवटी २०२२ मधे मतदान झालं आणि जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असलं फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच यायला लागलं. ब्रॉडकॉम कंपनीच्या जुन्या वायफाय चिपची कथा तर अजून भारी आहे. कागदपत्रं मिळत नाहीत म्हटल्यावर काही लोकांनी तयार ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते त्याचं नुसतं वर्णन लिहिलं, आणि दुसऱ्याच लोकांनी, तो ड्रायव्हर न बघता, फक्त वर्णनावरून नवीन कोड लिहिला, म्हणजे नक्कल केली असं म्हणायला जागाच नको. तो २००६ मधे कर्नलमधे आला. फर्मवेअर मात्र वाटायला परवानगी नव्हती, म्हणून ते कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढायचं एक वेगळं टूल, नावातच कटर. ब्रॉडकॉमनी स्वतः नवीन चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मधे.

तर आत्याच्या लॅपटॉपवर टेदरिंगनी त्या फर्मवेअरचं पॅकेज घातलं, रीस्टार्ट केलं, चिन्ह आलं, आणि तरी एकही नेटवर्क दिसेना. आरएफकिल म्हणून कमांड आहे, ती म्हणाली हार्ड ब्लॉक्ड, म्हणजे बटणानीच बंद. लॅपटॉपच्या कडेला वायफायचं एक बारीकसं बटण होतं, ते आत्यानीच फडक्यानी पुसताना सरकवलं असणार, पण बोललो नाही.

नवीन लॅपटॉप घेणाऱ्याला मी एवढंच सांगतो की पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारा) घेऊन दुकानात जा आणि पैसे द्यायच्या आधी चालू करून बघ. लॅमिंग्टन रोडवर मी एकदा काउंटरवर विचारलं होतं, यातल्या वायफायची चिप कुठली, तर तो म्हणाला, "सर, सगळ्यात वायफाय येतंच, टेन्शन नका घेऊ." पेनड्राइव्ह मात्र त्यानी लावू दिला, आणि झालं चालू, तर खोक्यावरचं नाव बघत मलाच विचारायला लागला, हे विंडोज नाही तर काय आहे, आणि फुकट कसं काय.