ते पुस्तक तिनेच लिहिलंय हे मानायला सव्वाशे वर्षं लागली

हॅरिएट जेकब्सचं आत्मकथन वाचून संपलं त्याला दोन आठवडे झाले पण तो माळा काही डोक्यातून जात नाहीये. ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि जिथे सगळ्यात उंच तिथे ३ फूट. म्हणजे उभं राहायचं तर सोडाच, नीट कूस बदलायची म्हटलं तरी छपराला आपटणार. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या ईडनटन गावात गुलाम म्हणून जन्मलेली ही हॅरिएट जेकब्स, मालकाच्या तावडीतून सुटायला, आपल्या आजीच्या घरी अशा जागेत जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. तिने लाकडाला बारीक भोकं पाडली होती, त्यातून खाली तिची दोन मुलं दिसायची, त्यांचे आवाज यायचे, आणि हाक मारायची सोय नव्हती. १८४२ मध्ये ती उत्तरेला, गुलामगिरी नसलेल्या राज्यांकडे निसटली.

वाचताना माझ्या मनात आलं, सात वर्षं? खरंच? आणि नंतर कळलं की हाच प्रश्न लोक तिच्याबद्दल सव्वाशे वर्षं विचारत होते, तेव्हा फार लागलं मला ते.

झालं असं, की अंकल टॉम्स केबिन या गुलामगिरीवरच्या कादंबरीमुळे गाजलेल्या हॅरिएट बीचर स्टो यांच्यापर्यंत तिची गोष्ट पोचवली गेली, तर त्यांनी ती थेट जेकब्स जिच्याकडे मुलं सांभाळायचं काम करायची त्या बाईलाच कळवली, हे खरं आहे का म्हणून. जी गोष्ट जेकब्सने लाजेने त्या बाईलाही सांगितली नव्हती ती! वर ती आपल्या पुस्तकात वापरायचीही तयारी दाखवली. तेव्हा जेकब्सने ठरवलं की आपलं आपणच लिहायचं. दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि रात्री चोरून लिहायचं. (आपल्या बेबीताई कांबळेंनी जिणं आमुचं हे आत्मकथन असंच घरच्यांपासून लपवून लिहिलं, मला सारखं तेच आठवत होतं.)

१८६१ मध्ये पुस्तक आलं, इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल. लिंडा ब्रेंट हे टोपणनाव घेतलं, पण मुखपृष्ठाच्या आत स्पष्ट छापलं होतं की हे तिने स्वतः लिहिलंय. तरी पुढे लोक म्हणाले ही कादंबरी आहे, संपादन करणाऱ्या गोऱ्या लिडिया मारिया चाइल्ड यांनीच लिहिली असणार, गुलाम बाईला एवढं चांगलं लिहिता येईल कसं. शेवटी जीन फेगन येलिन या अभ्यासक बाईंनी जेकब्सची पत्रं आणि जुनी कागदपत्रं तपासून सिद्ध केलं आणि १९८७ ला तिच्या खऱ्या नावाची आवृत्ती निघाली. पत्रं आधीपासून होतीच की!

पण माझ्यासाठी पुस्तकाचा गाभा माळा नाहीये. मालक मागे लागलेला, पंधरा वर्षांची मुलगी, आणि त्याच्या तावडीतून सुटायला ती दुसऱ्या एका गोऱ्या माणसाशी संबंध ठेवते, तीही एक निवडच असं ती लिहिते, आणि मग वाचणाऱ्या सुखवस्तू गोऱ्या बायकांना सांगते की गुलाम बाईला तुमच्या मापाने मोजू नका. पावित्र्य वगैरे जपायला आधी स्वतःचं शरीर स्वतःचं असावं लागतं ना. वंश आणि बाईपण एकत्र कसं चिरडतं यासाठी अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द १९८९ ला दिला, अनुभव मात्र जेकब्सने कधीचा लिहून ठेवलेला.

ती लाज तिने पुस्तकात लपवली नाही हे मला फार मोठं वाटतं. खोटं लिहायचंच असतं तर पहिल्यांदा हेच गाळलं असतं ना कुणीही.

वाचणार असाल तर माळ्याचं २१वं प्रकरण आधी उघडू नका, मोह होईल पण थांबा. त्या निवडीबद्दलचं १०वं प्रकरण आधी वाचा, सावकाश.