माळावरच्या घोड्यांची वैरण आणि मागे उरणारी चघळ

मराठवाड्यात घोडा बहुधा बैलांच्या घरात येतो. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात मार्गशीर्ष वद्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारातून कोणी वरातीसाठी घोडी आणतो, कोणी हौसेने शिंगरू आणतो, आणि दारात आलेल्या त्या जनावराला गोठ्यातील दावणीच्या टोकाला जागा मिळते. वैरण टाकणारा सालगडी तोच, गव्हाण तीच आणि सकाळ-संध्याकाळ पेंढ्या टाकण्याची रीतही तीच असते. पुढे घोडा माळावर मोकळा सोडला तरी ही रीत बदलत नाही. फक्त गव्हाण मागे राहते आणि पेंढ्या थेट जमिनीवर पडू लागतात. मग थोड्याच दिवसांत तक्रार ऐकू येते की घोडा फार नासाडी करतो, अर्धे खातो आणि अर्धे तुडवतो. आमच्याकडे काही घोडी बारमाही माळावर असतात आणि त्यांची वैरण आणि चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मी स्वतः पाहतो, म्हणून खात्रीने सांगतो की या नासाडीत घोड्याचा दोष थोडा आणि बैलाच्या हिशेबाने वैरण टाकण्याचा दोष फार मोठा आहे.

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तो जीभ फिरवून घास ओढतो, भराभर गिळतो आणि पुढे सावलीत बसून निवांत रवंथ करतो. घोड्याला वर आणि खाली दोन्हीकडे पुढचे दात असतात, त्याचा वरचा ओठ बोटासारखा हलतो, आणि रवंथ नसल्यामुळे जे चावायचे ते त्याला पहिल्याच वेळी नीट चावावे लागते. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, मोठ्या घोड्यातही साधारण ८ ते १५ लिटरचे, त्यामुळे मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास थोडेथोडे चरत राहतो. अशा जनावरापुढे दिवसाची सगळी वैरण दोन वेळांत टाकली, तर भूक भागेपर्यंत तो खातो, आणि नंतर उरलेल्या ढिगातून निवडत, पांगवत आणि त्यावरच उभा राहत वेळ काढतो.

कडबा खाणारी घोडी जवळ उभे राहून पाहण्यासारखी असते. पेंढी सुटली की ती आधी नाकाने धाटे बाजूला सारते, ओठाने वाळलेली पाती हुडकते आणि तेवढीच खुडून घेते. मग धाटाचा शेंड्याकडचा बारीक भाग दातांखाली जातो. बुडाकडची जाड, टणक कांडी ती एकदा तोंडात धरते, दोनदा चावते आणि खाली टाकते. ती कांडी तिच्याच खुराखाली जाते आणि त्यावर दुसरे धाट पडते. अशा खाऊन टाकलेल्या उरलेल्या चाऱ्याला चघळ म्हणतात. शाळूचा कडबा बारीक आणि पानाळ असला तर चघळ कमी उरते, जाड धाटाच्या संकरित ज्वारीचा असला तर जास्त उरते. यात घोड्याचा चोखंदळपणा आहे हे खरे, पण त्याला कारणही आहे. बैलाच्या पोटात चारा दीर्घकाळ मुरतो, घोड्याच्या पोटातून तो लवकर पुढे सरकतो आणि तंतूंचे पचन मोठ्या आतड्याच्या भागात होते, म्हणून जाड धाटातून बैल जेवढे सत्त्व काढतो तेवढे घोड्याला काढता येत नाही. उपाशी ठेवून त्याला ती कांडी खायला लावणे म्हणजे पोटदुखीला आमंत्रण आहे, आणि घोड्याला उलटी होत नसल्याने त्याची पोटदुखी गमतीने घेण्याचा विषय नव्हे.

त्यामुळे कडब्याची कुट्टी करणे हा पहिला उपाय ठरतो, पण तोही बैलाच्या मापाने करू नये. अगदी बारीक, भुशासारखी कुट्टी माळावरच्या वाऱ्यात उडते, आणि घोडा ती न चावता गिळतो, त्यामुळे ती आतड्यात साचून बसण्याची भीती असते. दोन-तीन सेंटिमीटरची जाडसर कुट्टी, वरून पाण्याचा हबका, उन्हाळ्यात त्या पाण्यात किंचित गूळ, एवढे केले की धूळ बसते आणि पाती वेगळी काढून खाण्याची सोयही उरत नाही. पाणी मारलेली कुट्टी मात्र त्याच वेळी संपली पाहिजे. आपल्याकडच्या उन्हात ती दुपारपर्यंत आंबते, आणि आंबलेल्या कुट्टीला घोडा तोंड लावत नाही.

किती द्यायचे हा प्रश्न त्यानंतर येतो. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा चारा लागतो. म्हणजे ३०० किलोच्या घोडीला साधारण साडेचार ते साडेसात किलो, त्यात माळावर चरलेले गवतही आले. आपल्याकडे कडबा शेकड्याच्या भावाने विकला जातो आणि हिशेबही पेंढ्यांचाच होतो, पण गावागणिक, आणि बांधणाऱ्या हातागणिक, पेंढीचे वजन बदलते. एक ताणकाटा घेऊन टाकलेली वैरण तोलावी आणि संध्याकाळी उरलेली चघळही तोलावी. चघळ तोलण्याचा सल्ला ऐकून लोक हसतात, पण चारा कमी पडतो आहे की फक्त वाया जातो आहे, हे त्याशिवाय कळत नाही. पोट भरत नसलेल्या घोड्यापुढे आणखी पेंढ्या टाकणारे आणि नासाडी होते म्हणून पेंढ्या कमी करणारे, असे दोघेही मी पाहिले आहेत, आणि दोघांनीही चघळ हातात घेऊन पाहिलेली नसते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात घोड्यांच्या वाळल्या चाऱ्यावर झालेल्या प्रयोगांचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. मोठा गोल गठ्ठा कोणत्याही गव्हाणीशिवाय उघड्यावर ठेवला तेव्हा ५७ टक्के चारा वाया गेला, आणि वेगवेगळ्या गव्हाणी व जाळ्या वापरल्या तेव्हा हेच प्रमाण ५ ते ३३ टक्क्यांपर्यंत खाली आले. दुसऱ्या प्रयोगात लहान गठ्ठ्यांचा चारा दिला होता; तिथे जमिनीवर टाकलेला चारा १३ टक्के वाया गेला आणि गव्हाणीत १ ते ५ टक्के. दोन्ही प्रयोग वेगळे असल्याने त्यांची थेट तुलना करता येणार नाही, तरी शेतकऱ्याला त्यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे कशात दिले याने फरक पडतो, आणि दुसरी म्हणजे एका वेळी किती पुढ्यात ठेवले यानेही पडतो. ज्याच्याकडे गव्हाणीला पैसे नाहीत त्याने निदान दोनाऐवजी चार वेळा टाकावे. त्यासाठी वेळेखेरीज काही खर्चावे लागत नाही.

आता जागेविषयी, कारण मराठवाड्यात नासाडीचे सर्वांत मोठे कारण जमीन हेच आहे. काळ्या रानात पावसाळ्यात टाकलेली वैरण पहिल्याच तासात चिखलात रुतते, आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडून दाणा आणि बारीक कुट्टी त्या भेगांत जाते. शिवाय जमिनीवर सांडलेले ओठाने टिपताना घोडा माती आणि बारीक खडेही गिळतो; ते मोठ्या आतड्यात साचून पोटदुखी होते. चारा टाकण्याची जागा म्हणून माळाचा उंच, उताराचा आणि मुरमाड भाग निवडावा, आणि तसा नसेल तर दोन ट्रॉली मुरूम टाकून, दाबून घेऊन त्यावर शहाबादी फरशीचे तुकडे बसवावेत. आमच्याकडे गव्हाण म्हणून प्लॅस्टिकचे मोठे पिंप उभे कापून केलेले दोन भाग लाकडी चौकटीत आडवे बसवले आहेत आणि खाली पाणी निघून जाण्यासाठी भोके पाडली आहेत. कापलेल्या कडेवर जुना रबरी पाइप चिरून चढवावा, नाहीतर ती कड ओठ कापते. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरच्या गव्हाणी आपल्या भागात सर्रास दिसतात आणि त्या टिकाऊही आहेत, पण ज्या टायरमध्ये पोलादी तार आहे तो घोड्यासाठी वापरू नये; रबर झिजले की तार उघडी पडते.

गव्हाणीची उंची हा वादाचा विषय आहे. अनेकांना वाटते की चारा जितका उंच तितका स्वच्छ, आणि ते डोक्याच्या वर जाळी टांगतात. घोड्याची रचना मान खाली घालून चरण्याची आहे. वरून खाताना कडब्याची धूळ आणि कुसे त्याच्या डोळ्यांत व नाकात पडतात, आणि ओढलेल्या घासातला बराचसा चारा खाली सांडतो. गुडघा ते छाती यांच्यामध्ये गव्हाणीची कड असावी. बारीक घरांची जाळी वापरली तर घोडा हळूहळू खातो आणि नासाडी कमी होते हे खरे, पण नाल मारलेल्या घोड्याचा पाय जाळीत अडकू शकतो, म्हणून माळावरच्या नाल मारलेल्या घोड्याला जमिनीलगत जाळी देऊ नये. गठ्ठ्याची नायलॉनची सुतळी मात्र कोणतीही पद्धत असली तरी मोजून काढावी आणि खिशात घालावी.

माळावर एकापेक्षा जास्त घोडी असतील तर आणखी एक गोष्ट येते, आणि ती माणसांच्या लक्षात उशिरा येते. कळपात कोण आधी खाणार हे ठरलेले असते. आमच्याकडे एक वयस्क घोडी नुसते कान मागे पाडते आणि तिच्या दुप्पट ताकदीचा घोडा तोंडातला घास तसाच घेऊन बाजूला होतो. त्या पळापळीत गव्हाण उलटते, पायांखाली चारा जातो, आणि दुबळे जनावर उपाशी राहते. घोड्यांच्या संख्येपेक्षा एक ढीग किंवा एक गव्हाण जास्त ठेवावी आणि दोन गव्हाणींत निदान दहा-बारा पावलांचे अंतर असावे, म्हणजे हाकललेल्या घोड्याला जायला जागा मिळते आणि भांडण तिथेच संपते.

चंदीची गोष्ट वैरणीहून निराळी आहे, कारण भिजवलेला हरभरा किंवा भरडा महाग असतो आणि सांडला की मैना, चिमण्या, उंदीर आणि रात्री रानडुकरे त्यावर ताव मारतात. जुन्या काळी याला सरळ उत्तर होते, तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या, घोडदळाची ठाणी हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होती. छावणीत आणि मुक्कामावर घोड्याला दाणा खाऊ घालण्यासाठी तोबऱ्याइतके सोपे साधन दुसरे नाही. जाड कॅनव्हासची पिशवी, नाकाशी हवा खेळती राहील अशी जाळी आणि कानामागून जाणारा पट्टा एवढेच ते आहे, आणि कोणताही ताडपत्री शिवणारा ते शिवून देतो. तोबऱ्यातून दाणा सांडत नाही आणि शेजारचा घोडा तोंडही घालू शकत नाही. मात्र चंदी संपताक्षणी तोबरा उतरवावा, कारण तोबरा बांधलेला घोडा हौदात तोंड घालून पाणी पिऊ लागला तर पिशवीत पाणी भरून तो गुदमरू शकतो. प्रत्येकाचा तोबरा वेगळा ठेवावा. घशाच्या गाठी सुजण्याचा संसर्गजन्य आजार सामाईक तोबऱ्यातून आणि घमेल्यातून सहज पसरतो. घमेल्यातच द्यायचे असेल तर त्यात नदीतले दोन-तीन मोठे, गुळगुळीत गोटे ठेवावेत. गोट्यांच्या फटींतून दाणा काढताना घोडा हावरटपणे तोंड भरू शकत नाही आणि तोंडातून दाणे गळण्याचे थांबते. एका वेळची चंदी ३०० किलोच्या घोड्याला दीड किलोच्या पुढे कधीच जाऊ नये.

इतके सर्व करूनही एखादा घोडा खाताना दाणे सांडत असेल, तर गव्हाण बदलण्यापूर्वी त्याचे तोंड पाहावे. घोड्याचे दात आयुष्यभर पुढे सरकत आणि झिजत राहतात आणि दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला व जिभेला टोचू लागतात. गव्हाणीजवळ अर्धवट चावलेल्या गवताचे ओले, बोटाएवढे बोळे पडलेले दिसले की समजावे, हा नासाडीचा नव्हे, दुखण्याचा पुरावा आहे. लीद फोडून पाहण्याचीही सवय असावी. तिच्यात अख्खे हरभरे निघत असतील तर ती चंदी गव्हाणीतून सांडली नसली तरी वायाच गेलेली असते. वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून दात घासून घेण्याला होणारा खर्च दाण्याच्या बचतीतून बहुतेक वसूल होतो.

माळावरच्या गवताचीही नासाडी होते, आणि ती कोणी मोजत नाही. पावसाळ्यात पवना, मारवेल, हरळी भरपूर असते, पण दसऱ्याच्या सुमारास कुसळी गवताला कुसे आली की घोडा त्या भागाकडे पाठ फिरवतो, कारण ती कुसे हिरडीत आणि जिभेखाली रुततात. कुसळी फुलोऱ्यावर येण्याआधी कापून वाळवावे. दुसरे असे की घोडी ठरावीक जागी लीद टाकतात आणि त्या जागेवरचे गवत पुढे कितीही माजले तरी खात नाहीत. लिदीतून पसरणाऱ्या जंतांपासून ती स्वतःला अशी वाचवत असतात. लीद आठवड्यातून दोनदा उचलावी, आणि घोडी काढून घेतल्यावर त्या तुकड्यात गायी किंवा म्हशी सोडाव्यात. घोड्यांचे बहुतेक जंत गायी-म्हशींच्या पोटात टिकत नाहीत आणि घोड्यांनी सोडलेले गवत त्या आनंदाने खातात. कडब्याच्या चघळीलाही हीच वाट आहे: बुरशी नसलेली, कोरडी चघळ म्हशीपुढे जावी, तुडवलेली आणि भिजलेली उकिरड्यात जावी, आणि कालची चघळ आजच्या वैरणीखाली कधीही राहू नये, कारण तिच्या वासाने घोडा वरची ताजी वैरणही नाकारतो.

शेवटची नासाडी गव्हाणीत नव्हे, बनिमीत, म्हणजे पेंढ्यांच्या रचलेल्या गंजीत होते. अवकाळी पावसाने बनीम एकदा आतून भिजली की वरच्या थरातील पेंढ्या कोरड्या दिसल्या तरी मधल्या काळ्या पडतात, आणि बैल ज्या पेंढीला चालवून घेतो ती घोड्याला देता येत नाही. बनीम दगडांच्या किंवा लाकडांच्या थरावर रचावी, माथा उतरता ठेवावा, आणि पेंढ्या काढताना सगळीकडून न ओढता एकाच तोंडाकडून वरपासून खालपर्यंत काढाव्यात, म्हणजे ताडपत्री तेवढ्याच भागावरून सरकवावी लागते.