पणत्यांची ऑर्डर गणपतीच्या आधी द्या

विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींना येणारी अडचण) असलेला माणूस पुढची चाळीस-पन्नास वर्षं घरात बसून काढणार की रोज सकाळी डबा घेऊन कामाला जाणार, हे बहुतेक वेळा जवळपास अशा प्रौढांना काम देणारी कार्यशाळा आहे की नाही यावर ठरतं. पुण्यात १९६४ सालापासूनची कामायनी आहे, बदलापूर आणि नाशिकला पालकांनीच उभं केलेलं ‘आधार’ आहे. त्याखेरीज दहा-पंधरा जणांच्या कितीतरी लहान कार्यशाळा आहेत, ज्यांचं नाव तालुक्याबाहेर कुणी ऐकलेलं नसतं. हे लिहिलंय ते अशा लहान कार्यशाळांच्या मदतीला येणाऱ्या सोसायट्या, महिला मंडळं आणि ऑफिसातल्या गटांसाठी. मदत बहुतेक वेळा दिवाळीच्या स्टॉलपासून सुरू होते, म्हणून तिथूनच.

सगळ्यात जास्त नुकसान उशिरा दिलेली ऑर्डर करते. कोजागिरी झाली की संस्थेत फोन येतो, ‘दोन हजार पणत्या मिळतील ना?’ नाही म्हणणं संस्थेला परवडत नाही. मग शिक्षिका आणि पालक रात्री बसून पणत्या रंगवतात आणि ज्यांच्यासाठी हे काम काढलं ते शेजारी बसून बघत राहतात. पैसे येतात, पण ज्यांचं काम त्यांच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून ऑर्डर गणपती बसण्याआधी द्यावी. गणेश चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण आठ आठवडे मिळतात आणि काम तेवढं मागतंच.

का मागतं ते हिशेबानं बघा. कच्ची, म्हणजे भाजलेली पण न रंगवलेली, पणती आधी रात्रभर पाण्यात भिजवावी लागते. नाही भिजवली तर माती रंग पिते. मग एक दिवस वाळवायची, एक दिवस पांढरा हात, एक दिवस रंग, त्यानंतर नक्षी. भाद्रपदात हवा दमट असते, पहिला हात ओला असताना दुसरा दिला की रंगाचे पापुद्रे निघतात. म्हणजे एक पणती चार-पाच दिवस कार्यशाळेत फिरते. समजा बारा जण आहेत आणि रोज खरं काम तीन तास होतं. माणशी पंधरा पणत्या धरल्या तर दिवसाला १८०. रविवार, गणपती आणि दसऱ्याच्या सुट्ट्या वगळून ३५ दिवस धरले तर कागदावर ६,३०० होतात. तिथे निम्म्यावर थांबा, तीन हजारच कबूल करा. कुणाला फिट येते, कुणाचं औषध बदललेलं असतं आणि आठवडाभर झापड असते, पावसात गाडी येत नाही, कुणी एका रंगाला चिकटून बसतो आणि दुसरा हातात घ्यायला तयार नसतो. फुटतूट आणि दुरुस्तीचे दहा टक्के त्यातूनही गेले. अशी हिशेबी कबुली देणारी संस्था बघितली की समजावं, इथे काम खरोखर कामगारांच्या हातून होतंय.

पणतीचं तोंड, जिथे वात टेकते ती जागा, कोरी ठेवायची. तिथला रंग जळतो, काजळी धरतो, वासही येतो. प्रत्येक घाण्यातल्या दोन पणत्या तेल घालून पेटवून बघाव्यात आणि मगच बाकीच्या डब्यात भराव्यात. मेणाच्या पणत्या करायच्या असतील तर मेण उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, थेट गॅसवर कधीच नाही. आणि ते ओतण्याचं काम कर्मचाऱ्यांनीच करायचं.

ज्याला ब्रश धरता येत नाही त्याला काम नाही असं मुळीच नसतं. एक जण पणत्या भिजवतो, एक पॉलिश पेपरनं कडा घासतो. मोजता न येणाऱ्यासाठी पुठ्ठ्यावर सहा गोल काढून द्यायचे. प्रत्येक गोलात एक पणती बसली की डबा भरायला तयार. उटण्याच्या पाकिटांनाही हीच युक्ती लागू पडते. काट्यावरचा आकडा वाचता येत नसेल तर दोन पारड्यांचा तराजू घ्यायचा, एका पारड्यात तयार पाकीट आणि दुसऱ्यात भरायचं पाकीट. पारडी समोरासमोर आली की झालं. उटणं मात्र वस्त्रगाळ केल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात गेलं पाहिजे. दमट हवेत अर्धा दिवस उघडं राहिलं तर गोळे होतात. दमा असलेल्यांना चाळणीपासून लांब बसवावं.

किमतीबाबत देणाऱ्यांचाच गोंधळ जास्त होतो. समजा कच्ची पणती ३ रुपये, रंग ३, डब्याचा वाटा २, करणाऱ्याचं मानधन ५, वाहतूक आणि फुटतूट २. हे झाले १५. ती पणती २० ते २५ रुपयांना विकली तर संस्थेकडे पुढच्या मालापुरतं काही उरतं. ‘दहाला द्या, सगळ्या उचलतो’ या व्यवहारात कापलं जातं ते मानधनच, कारण बाकीचे आकडे दुकानदाराचे असतात. शंभराच्या डब्याला पाचशे देऊन ‘राहू द्या’ म्हणणंही बरं नाही. शंभराचं बिल घ्या, चारशेची देणगी पावती घ्या. वस्तू चांगली आहे म्हणून विकली गेली हे करणाऱ्याला कळतं, आणि त्यालाही ते हवं असतं.

स्टॉल दसरा आणि दिवाळीच्या मधल्या शनिवार-रविवारी लावावा. पितृपक्षात खरेदी होत नाही आणि धनत्रयोदशी उजाडली की लोकांची खरेदी आटोपलेली असते. जागा गेटाजवळ पण स्पीकरपासून आणि फटाक्यांपासून लांब हवी. स्वमग्न व्यक्तीला सुतळी बॉम्बचा एक आवाज पुढच्या दोन तासांसाठी पुरतो. सोसायटीच्या ग्रुपवर आधीच सांगून ठेवा की स्टॉलच्या वेळात खाली फटाके नकोत. कार्यशाळेतले दोघं-तिघं स्टॉलवर बसणार असतील तर एका वेळी दीड तासापेक्षा जास्त नको, आणि सोबत त्यांच्या ओळखीचा कर्मचारी हवाच. तळमजल्यावरचं एखादं घर स्वच्छतागृहासाठी आणि दहा मिनिटं शांत बसण्यासाठी उघडं ठेवा. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि मग भर गर्दीत धावपळ होते. औषधांच्या वेळा लिहून घ्या. खायला काय चालतं तेही विचारा. येणारा-जाणारा प्रत्येक जण लाडू हातावर ठेवतो आणि त्यांच्यातल्या काहींना मधुमेह असतो.

कामांची वाटणी आधीच ठरवा. बिल लिहिणारा एक, पैसे घेणारा एक, पिशवीत भरून ग्राहकाच्या हातात देणारे कार्यशाळेतले. ‘शंभरचा एक डबा’ असे सरळ आकडे ठेवले तर पन्नाशी ओलांडलेल्या आजोबांपासून कार्यशाळेतल्या ताईपर्यंत सगळ्यांना व्यवहार जमतो. बोलताना त्या व्यक्तीशी बोला, तिच्या सोबत्याशी नाही. ‘हिला किती येतं हो?’ हा प्रश्न तिच्यासमोर विचारू नये. तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाला अहो-जाहो करावं. फोटोसाठी त्याला स्वतःला विचारा, पालकांची परवानगी घ्या आणि फोटोखाली नाव आणि निदान लिहू नका.

फिट आली तर काय करायचं हे प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवं. माणसाला एका कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू हटवायच्या, घड्याळ बघायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा, पाणी काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावणारं कुणीतरी गर्दीत निघतंच, त्यांना बाजूला करणं हेही स्वयंसेवकाचंच काम. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर थेट रुग्णालय.

आता पैशांचं. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच लावा. स्वयंसेवकाच्या खात्यावर पैसे घेऊन ‘नंतर एकदम पाठवू’ ही सोय सगळ्या भांडणांचं मूळ आहे. विक्री आणि देणगी पहिल्या मिनिटापासून वेगळी नोंदवा. पणत्या घेतल्या ती खरेदी, तिला देणगीवरची आयकर सवलत, म्हणजे ८०जी, मिळत नाही. सवलतीसाठी संस्थेकडे ८०जीची मान्यता हवी, देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन पावतीवर हवा, आणि रोख दोन हजारांच्या वर असेल तर त्या देणगीला सवलत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट मिळतच नाही, तेही आधी सांगून टाकावं. धान्य, चादरी, व्हीलचेअर अशा वस्तूंच्या देणगीलाही नाही. मंडळाच्या नावानं वेगळी वर्गणी काढायची असेल आणि मंडळ नोंदणीकृत नसेल, तर गणेशोत्सवाला घेतात तशी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून घ्यावी लागते. त्यापेक्षा संस्थेचं पावतीपुस्तक वापरणं सोपं.

परदेशातल्या नातेवाइकांना ग्रुपवर क्यूआर कोड पाठवण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्यानं बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पण अमेरिकन किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी आणि पैसे रुपयांत दिले तरी, ती परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. लहान कार्यशाळांकडे ही नोंदणी बहुधा नसते. कौतुकानं पाठवलेले पाच हजार रुपये संस्थेला अडचणीत आणू शकतात.

वस्तू द्यायच्या असतील तर आधी गरजांची यादी मागा. वाढदिवसाचं जेवण द्यायला सगळेच तयार असतात. श्रीखंड, जिलेबी, गुलाबजाम एकाच आठवड्यात येतात, आणि काही औषधांनी वजन आधीच वाढत असतं. यादीत मात्र मोठ्यांचे डायपर, फिनेल, तूरडाळ, गाडीचं डिझेल आणि मदतनीस ताईंचा पगार असतो. या पगाराला देणगीदार मिळणं सर्वात कठीण, कारण त्यावर नावाची पाटी लावता येत नाही. सोसायटीतल्या चाळीस घरांनी महिना पाचशे दिले तर वीस हजार होतात, आणि ते दर महिन्याला येणार हे ठाऊक असलं तर संस्था माणूस नेमू शकते. एकरकमी दोन लाख चाळीस हजारांवर तसा भरवसा ठेवता येत नाही. रक्कम तीच, पण पुढच्या वर्षी ती येईल का हे कुणी सांगू शकत नाही.

वेळ देणाऱ्यांसाठीही हेच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, किमान तीन महिने. अधूनमधून उत्साहानं येणाऱ्या दहा जणांपेक्षा दर बुधवारी तीन वाजता येणारा एक जण बरा. दिवसाचा क्रम मोडला की कित्येकांना त्रास होतो, आणि बुधवारची वाट पाहणाऱ्याला ‘आज येणार नाहीत’ हे समजावणं फार जड जातं. संस्था ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी मागेल, ती मागायलाच हवी. कोणाही एकासोबत बंद खोलीत एकट्यानं बसू नये.

शिकवताना काम पायऱ्यांत तोडा. औषधाच्या दुकानासाठी कागदी पाकीट करायचं तर कागद ठेवणं, मधली घडी, खळ लावणं, चिकटवणं, तळाची घडी, पुन्हा खळ, दाबणं. शेवटची पायरी आधी शिकवायची. बाकी सगळं तुम्ही करा आणि दाबणं त्याला द्या, म्हणजे पहिल्याच दिवशी तयार पाकीट त्याच्या हातून निघतं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. सूचना दोन-तीन शब्दांची आणि एकदाच. मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. नवे स्वयंसेवक इथेच चुकतात. उत्तर येण्याआधीच ते तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतात आणि समोरच्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. खळीत झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. कार्यशाळेत ती नको. कुणी ना कुणी बोट तोंडात घालतोच आणि मोरचूद विषारी आहे. रोज ताजी खळ करावी.

ज्यांना हातकाम जमत नाही त्यांनी कागदपत्रांचं काम घ्यावं, त्याची गरज फार मोठी आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही तीत समावेश आहे. अर्ज नोंदणीकृत संस्थेमार्फत होतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. तेच राहून जातं, कारण आई-वडील सत्तरीचे आणि अर्ज ऑनलाइन. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांचंही तसंच. अठरा वर्षं झाल्यावर कायद्यानं आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. त्याच कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, आणि बँकेत अडलं की मगच हे बऱ्याच घरांना कळतं. फॉर्म भरणं, झेरॉक्स काढणं, बाबांना घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाणं, यासाठी एखादा निवृत्त बँक कर्मचारी मिळाला तर अख्ख्या संस्थेचं काम मार्गी लागतं.

स्टॉल संपला की त्याच आठवड्यात हिशेब करा. किती डबे आले, किती विकले, किती फुटले, किती परत गेले, रोख किती, ऑनलाइन किती, देणगी किती. रोख दोघांनी मोजून सह्या करायच्या आणि हिशेबाची प्रत सोसायटीच्या फलकावर लावायची. उरलेल्या पणत्या रंगासह कोरड्या जागी पुढच्या वर्षापर्यंत टिकतात, उटणं मात्र ठेवू नये, ते स्वस्तात काढून टाकावं. आणि हिशेब द्यायला संस्थेत जाल तेव्हाच संक्रांतीच्या वाणाची ऑर्डर नोंदवून या. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, एकेका घरी पन्नास-साठ वाणं लागतात, आणि कापडी पिशव्या, फुलवातींची पाकिटं असं जे कार्यशाळेत सहज होतं तेच तिथे लुटता येतं. नोव्हेंबरमध्ये सांगितलं तर जानेवारीपर्यंत ते निवांत तयार होतं.