कुकरची रिंग आणि केंब्रिजची कॉफी

आज दुपारी बसले होते कुकरची रिंग कोणत्या मापाची लागते ते शोधायला. रिंग राहिली बाजूला, पोचले थेट केंब्रिजला!

गोष्ट १९९१ सालची. तिथल्या विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं यंत्र ट्रोजन रूम नावाच्या खोलीपाशी. लांबच्या खोल्यांतली मंडळी जिने चढून-उतरून यायची, आणि भांडं रिकामं. मग या विद्वानांनी काय करावं? भांड्यासमोर चक्क कॅमेरा लावला! मिनिटाला तीनेक फोटो, तेही काळे-पांढरे, १२८ बाय १२८ ठिपक्यांचे. कॉफी उरलीय का एवढं कळलं की झालं. १९९३ मध्ये हे चित्र वेबवर गेलं आणि जगभरातले लोक परक्याच्या कॉफीकडे टक लावून बसले. जगातला पहिला वेबकॅम म्हणतात तो हाच. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला, आणि ते बिघडलेलं यंत्र ईबे या लिलावाच्या साइटवर ३,३५० पौंडांना गेलं. (आमचा भंगारवाला मिक्सरलासुद्धा तोंड वाकडं करतो.)

नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "बरं, रिंग मिळाली का?"

डाळ पातेल्यात शिजतेय. अजून.