जमिनीत मुरलेलं डिझेल काढताना : माझा अनुभव

जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी वर काढून आडवी केली तेव्हा भोक सापडलं ते बरोबर भरण्याच्या पाइपच्या खाली, जिथे रोज डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची काठी, टेकते तिथे. करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढं. काठी वर्षानुवर्षं एकाच जागी आपटते, तिथला गंज रोज खरवडून निघतो, उघड्या पोलादावर तळाशी साचलेलं पाणी बसतं आणि पत्रा पातळ होत जातो. नव्या टाकीत या जागी जाड पत्र्याची चकती बसवतात ती याचसाठी. मात्र पाइपाचे सांधे, पंपाखालची लवचीक जोडणी आणि टाकी भरताना सांडलेलं तेल यांतूनही जमीन खराब होते. टाकी धडधाकट निघाली म्हणजे माती स्वच्छ, असं धरून चालू नये.

गळतीचा सुगावा त्याआधी साठ्याच्या वहीत लागायला हवा होता. तिथे रोजची तूट 'तापमानामुळे' म्हणून सोडून दिलेली. दहा हजार लिटर डिझेल १० अंशांनी थंड झालं की साधारण ८० लिटर कमी भरतं हे खरंच आहे, त्यामुळे एका दिवसाच्या तुटीवरून काही ठरत नाही. पण तापमान खालीवर होतं, तशी तूटही कधी वाढ होऊन परत यायला हवी. महिनाभर ती एकाच बाजूला सरकत असेल तर तेल जमिनीत जातंय.

मोह होतो तो लगेच एक्सकॅव्हेटर बोलावून काळी माती उपसायचा. आम्ही आधी बोअर घेतले, आणि पुढचा सगळा हिशेब त्या बोअरवरच उभा राहिला. टाकीभोवती पाच-पाच मीटरवर हाताच्या ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने), जिथे दगड लागला तिथे मशीनने. त्याआधी विजेच्या केबल, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन कुठून जातात ते खुणा करून घेतलं. केबल तुटू नये हे एक कारण. दुसरं असं की पाइपाभोवतीचा वाळूचा भराव तेलाला आयती वाट करून देतो. बाजूची चिकणमाती कोरडी ठणठणीत आणि पंधरा मीटरवरच्या चेंबरला डिझेलचा वास, असं इथेच झालं होतं.

दर अर्ध्या मीटरला माती काढायची, काचेची बरणी अर्धी भरायची, तोंडाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घट्ट ताणून लावायची, जोरात हलवून दहा मिनिटं ठेवायची आणि मग फॉइलला भोक पाडून वाफ मोजायचं पीआयडी यंत्र आत घालायचं. पेट्रोलसाठी ही पद्धत उत्तम. जुन्या डिझेलला मात्र यंत्र फसतं. डिझेलची वाफ मुळात कमी, त्यातला हलका भाग उडून गेलेला. यंत्र वीसेक पीपीएम दाखवतं आणि लॅबचा आकडा हजारांत येतो. ओल्या मातीत यंत्रातल्या दिव्यावर दव धरून आकडा भरकटतो ते वेगळंच. म्हणून एक साधी चाचणी सोबत ठेवली: चमचाभर माती पांढऱ्या वाटीतल्या पाण्यात टाकायची. वर इंद्रधनुषी तवंग आला की तो काडीने मोडून बघायचा. काचेसारखे तुकडे होऊन ते तसेच तरंगत राहिले तर तो लोहाच्या जिवाणूंचा पापुद्रा. काडी काढताच तवंग पुन्हा जुळून आला तर तेल.

बोअरमधून जे चित्र मिळालं ते असं: वरची पावणेदोन मीटर माती टाकीच्या अगदी लगतचा पट्टा सोडला तर साफ, आणि खरा काळा थर त्याखाली सव्वा मीटर जाड. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते भूजलाच्या पातळीवर जाऊन थांबतं. पातळी वर-खाली होते तसं तेल त्या सगळ्या उंचीत मातीला फासलं जातं. हे कळल्यामुळे वरची साफ माती वेगळी काढून वेगळी रचता आली. सरसकट खणलं असतं तर दुपटीहून जास्त माती 'खराब' म्हणून हाताळावी लागली असती.

टाकी काढण्याचा दिवस सगळ्यात जोखमीचा. तेल आणि गाळ उपसल्यावरही आत वाफ उरते, आणि पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पेट घेते. आत कोरडा बर्फ टाकला, हजार लिटरला १.८ किलो या हिशेबाने, म्हणजे दहा हजारांच्या टाकीला १८ किलो, बारीक फोडून तळभर पसरेल असा. मग वर, मध्ये आणि तळाशी, तीन उंचीवर ऑक्सिजन मोजला आणि तो ८ टक्क्यांखाली आल्यावरच टाकीला साखळी लावली. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नेहमीच्या ज्वलनशील वायूच्या मीटरवर विसंबणं. त्यातला तापणारा मणी चालायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनच काढून घेतल्यावर तो 'सुरक्षित' दाखवणारच. आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड जड असतो, खड्ड्यात साचतो. खाली माणूस उतरवायचा नाही, पट्टा अडकला तरीही नाही.

खोदकामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाजू पायऱ्यांनी उतरत्या ठेवल्या, नमुने बकेटमधून घेतले. जमिनीतली शंभर घनमीटर माती बाहेर आल्यावर फुगून १२० ते १३० होते, ढिगाची जागा त्या मापाने धरा. एका बाजूला इमारतीचा पाया होता. पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशात उतरणाऱ्या रेषेच्या आत बकेट घातली नाही, तिथे थोडा काळा थर दिसत असूनही. त्या थरासाठी भिंतीलगत जाळीदार पाइप पुरून ठेवला, नंतर त्यातून हळूहळू हवा सोडता यावी म्हणून. चार घनमीटर मातीसाठी पाया उघडा पाडण्यात शहाणपण नव्हतं.

खड्ड्यात पाणी आलं, वर तेलाचा थर. ते नेहमीच्या सेंट्रिफ्यूगल पंपाने ओढू नका. त्याचा पंखा तेल-पाणी घुसळून ताकासारखं एकजीव करतो आणि मग सेपरेटरमध्ये काही केल्या वेगळं होत नाही. आधी शोषक बूम, म्हणजे तेल शोषणारी लांब तरंगती गुंडाळी, फिरवून वरचं तेल गोळा केलं, मग न घुसळणाऱ्या डायफ्रॅम पंपाने पाणी सेपरेटरमध्ये (तेल-पाणी वेगळं करणाऱ्या टाकीत) आणि तिथून सक्रिय कोळशाच्या दोन पिंपांमधून एकामागून एक. दोन पिंपं यासाठी की पहिलं भरलं हे मधल्या नळाच्या नमुन्यावरून कळतं, बाहेर सोडलेल्या पाण्यावरून नाही.

खणणं कुठे थांबवायचं हे तळाच्या आणि चारी भिंतींच्या नमुन्यांनी ठरलं. नमुना एकेका जागेचा, आणि तोही यंत्राचा आकडा जिथे सगळ्यात जास्त तिथला. पाच ठिकाणची माती बादलीत कालवून एक नमुना केला की बेंझिनसारखा उडून जाणारा विषारी घटक कालवतानाच उडतो आणि रिपोर्ट छान येतो. हलक्या घटकांसाठी माती जागेवरच मिथेनॉलच्या कुपीत घातली, बर्फात ४ अंशांवर ठेवली, चौदा दिवसांच्या आत तपासून घेतली.

आता ढीग. माती बाहेर काढली म्हणजे ती स्वच्छ झाली असं नाही, नुसती जागा बदलली. आणि खराब मातीत चांगली माती मिसळून आकडा खाली आणणं ही सरळ लबाडी आहे. आमची माती बरीचशी वाळूमिश्रित आणि तेल डिझेल, म्हणून जागेवरच हवा देऊन ते तेल जिवाणूंना खाऊ द्यायचं ठरलं. खाली जाड प्लास्टिकचं अस्तर, कडेला बांध, अस्तरावर खडी, खडीत भोकं पाडलेले १०० मिलिमीटरचे पाइप, वर दोन मीटरपर्यंत माती आणि त्यावर ताडपत्री. पाइप ब्लोअरच्या ओढणाऱ्या बाजूला जोडले आणि निघणारी हवा कोळशातून सोडली. ब्लोअर ढकलणाऱ्या बाजूला जोडला तर वाफ चारी बाजूंनी फुटते आणि ती धरता येत नाही.

खताचा हिशेब बहुतेक जण अंदाजाने करतात, तो असा मांडावा. शंभर घनमीटर माती, घनमीटरला १.७ टन, म्हणजे १७० टन. त्यात किलोला ३,००० मिलिग्रॅम तेल असेल तर एकूण तेल ५१० किलो आणि त्यातला कार्बन सुमारे ४३३ किलो. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस १०० : १० : १ या प्रमाणात धरले तर ४३ किलो नायट्रोजन आणि ४.३ किलो फॉस्फरस लागतो. डीएपीमध्ये प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे २० टक्के, म्हणजे २२ किलो डीएपी. त्यातून चार किलो नायट्रोजन मिळतो, उरलेल्यासाठी ८६ किलो युरिया. डीएपीच्या पिशवीवरचा फॉस्फरससाठीचा ४६ हा आकडा ऑक्साइडचा असतो, तोच फॉस्फरस समजला की माप निम्म्याहून कमी पडतं. युरिया एकदम टाकायचा नाही. सगळा एका दिवशी घातला की अमोनियाचा वास सुटतो, पीएच ८ च्या वर चढतो आणि जिवाणू थंडावतात. आम्ही तीन हप्ते केले.

ओल मुठीने कळते: माती दाबल्यावर गोळा व्हावा, बोटं ओलसर व्हावीत, पाणी ठिबकू नये. जास्त ओल झाली की छिद्रं भरतात आणि हवाच जात नाही. काम चाललंय का हे बघायला ब्लोअर बंद करून ढिगाच्या पोटातला ऑक्सिजन तासातासाने मोजायचा. सुरुवातीला तो २० वरून दिवसभरात ५ टक्क्यांच्या खाली घसरला, म्हणजे जिवाणू जोरात खात होते. आकडा हललाच नाही तर एकतर तेल संपलं किंवा ओल, खत, ऊब यांपैकी काहीतरी कमी आहे. डब्यातून मिळणारी 'तेलखाऊ जिवाणूंची' पावडर मी घेत नाही. तेल बरेच दिवस मुरलेल्या मातीत ते आपणहून असतात. त्यांना नसते ती हवा.

एक घोटाळा आमच्या हातून झाला. माती मोकळी व्हावी म्हणून एका ढिगात लाकडाचा भुसा आणि शेणखत घातलं आणि पुढच्या रिपोर्टात तेल वाढलेलं दिसलं. सेंद्रिय पदार्थातले मेणचट घटक त्याच चाचणीत डिझेलच्या पट्ट्यात मोजले जातात. लॅबला अर्क सिलिका जेलमधून गाळून पुन्हा तपासायला सांगितलं, तेव्हा खरा आकडा आला. लॅबच्या चाचणीचा आलेखही समोर ठेवून बघावा: डिझेलचे ठरावीक अंतरावरचे सुळके नाहीसे होऊन नुसता उंचवटा उरला असेल तर सोपं होतं ते खाऊन झालंय. त्यानंतर उतार फार मंदावतो, आणि आठवड्यागणिक नमुने पाठवत राहण्यात नुसता खर्च आहे.

भराव २५-२५ सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर त्या मातीच्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांपर्यंत दाबून. घाईने एकदम भरलेला खड्डा नंतर वाहनांखाली खचतोच.

उरल्या भूजल तपासायच्या विहिरी, चार: भूजल वाहतं त्या दिशेने एक चढावर, तीन उतारावर. त्यांची जाळी पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे जाईल अशी बसवावी लागते. जाळी पूर्ण बुडलेली असेल तर वर तरंगणारं तेल आत येतच नाही आणि विहीर कायम स्वच्छ दिसते. उतारावरच्या एका विहिरीत पहिल्या दोन फेऱ्यांना प्रोबने (तेलाचा थर मोजायच्या यंत्राने) काही दाखवलं नाही. तिसऱ्या फेरीला पाणी सव्वा मीटर खाली गेलं होतं, आणि चार मिलिमीटर डिझेल वर आलं. भरावावरच्या फरशीचं काम थांबवून त्या विहिरीत शोषक मोजा सोडला आहे. तो दर आठवड्याला काढून वजन करतो.