परीक्षा कसली गं?

"परीक्षा कसली गं?" पणजी-फोंडा कदंब बसमध्ये शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं. माझ्या मांडीवर 'रणांगण' उघडी होती.

"परीक्षा नाही हो, असंच वाचतेय."

"असंच?" त्यांना काही पटेना. पुस्तक मागून घेतलं, बाजाराची पिशवी पायांशी सरकवली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. ओल्ड गोवा मागे पडलं तरी बोट चालूच. मग म्हणाल्या, "लग्नाआधी मीसुद्धा वाचायचे. आता काही कामाचं असेल तरच."

हे 'कामाचं' दिवसभर डोक्यातून जाईना.

विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ची. युरोपातून निघालेली बोट, जीव मुठीत घेऊन पळालेले ज्यू, आणि त्यात चक्रधर-हॅर्टाचं प्रेम. आकाराने लहानशी, पण संपू नये म्हणून मी रोज थोडीच वाचते. उशाशी दामोदर मावजोंची कोंकणी 'कार्मेलीन' आहे. घरकामासाठी कुवेतला जाणारी गोव्याची बाई. तिच्यासाठी जीव तुटतो अगदी.

बाईच्या हातात पुस्तक दिसलं की ते एकतर अभ्यासाचं, नाहीतर पोथी. निव्वळ आवडीला जागाच नाही? कामं संपायची वाट बघत बसलं तर वाचन व्हायचंच नाही. मी तरी तो वेळ हक्काने काढते, आणि मावशींनीही काढावा असं फार वाटलं.

तुम्ही सध्या नुसत्या आवडीने कोणती कादंबरी वाचताय? सांगा ना, पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात शोधते.